संशोधन आणि विकास, औद्योगिक

नवा पदार्थ वा नवी प्रक्रिया शोधून काढणे आणि तिला कारखान्यात वापरण्याजोगे रूप देणे, या दुहेरी कार्यास ही संज्ञा लावतात. भांडवल व श्रम वाढविल्यानेच उत्पादन वाढते, हा समज रॉबर्ट सोलो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये खोडून काढला. अमेरिकेत १९०९–४९ या काळात दर श्रमतासामागील उत्पादन दुप्पट झाले व त्या वाढीचा सु. सात-अष्टमांश भाग तांत्रिक बदलाचा होता, असे त्यांना आढळले. अर्थात या बदलात संशोधनाखेरीज शिक्षण, व्यवस्थापन इत्यादींचाही समावेश होतो.

मुंबईच्या उपनगरांत हे कार्य दोन प्रकारे झाले. एकेका गिरणीस स्वतंत्र प्रयोगशाळा परवडत नसल्याने १९५४ मध्ये ‘बाँबे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन’ ही सामाईक संस्था स्थापन झाली. ती घाटकोपर येथे आहे. याउलट रसायन व औषध कंपन्यांनी स्वतःची केंद्रे काढली. गोरेगावच्या सिबा केंद्राचे उद्‌घाटन १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. अंधेरीच्या हिंदुस्थान लिव्हर केंद्रात, खाद्य तेलांची टंचाई असताना, वन्य तेलबियांच्या तेलांपासून साबण करण्याच्या पद्धती विकसित झाल्या.

मुलुंड येथील हेक्स्ट केंद्राचे उदाहरण अधिक बोधक आहे. तेथे भारतीय वनस्पतींची पद्धतशीर छाननी होत असे. ज्या वनस्पतीच्या मुळांचे लोणचे घालतात, त्या कोलियस फोर्स्कोलाय हिच्या मुळांपासून १९७० नंतरच्या दशकात फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते पेशींतील ॲडेनिलेट सायक्लेज हे एंझाइम थेट उद्दीपित करते. परिणामी हृदयाचे आकुंचन जोरकस होते व रक्तवाहिन्या रुंदावतात. जगभरच्या प्रयोगशाळांत ते संशोधनाचे साधन बनले. मात्र ते पाण्यात फारसे विरघळत नसल्याने औषध म्हणून वापरण्यास अडचणीचे होते.

दरम्यान भारतातील संशोधनाची दिशा बदलली. १९७० च्या पेटंट अधिनियमाने (अंमल १९७२ पासून) औषधद्रव्यावर एकाधिकार न देता केवळ त्याच्या निर्मितिप्रक्रियेवर दिला. त्यामुळे ज्ञात औषध निराळ्या मार्गाने व स्वस्तात बनविणे हेच येथील रसायनज्ञांचे मुख्य काम ठरले. रुग्णांना त्याचा मोठा लाभ झाला. नव्या औषधाच्या दीर्घ व खर्चिक शोधास मात्र प्रोत्साहन उरले नाही. द्रव्यावरील पेटंट २००५ पासून पुन्हा देण्यात येऊ लागले. तत्पूर्वीच मुलुंडचे केंद्र निकोलस पिरामल या भारतीय कंपनीकडे गेले होते. फोर्स्कोलिनपासून बनविलेला, पाण्यात विरघळणारा कोल्फोर्सिन डारोपेट हा अनुजात जपानमध्ये विकसित झाला व तीव्र हृद्‌निष्फलतेवरील औषध म्हणून १९९९ मध्ये तेथेच मान्यता पावला.