अरे, तिरडी कुणाची?

पावसाळ्यात पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात दुपारी चक्कर मारा. पार्किंगच्या पत्र्याखाली एक मुलगा कुणाच्या तरी ॲक्टिव्हाला दरडावत असतो, "बाबा, तुम्ही मला कधी विचारलंत का?" ॲक्टिव्हा गप्प. मुलगा तोच प्रश्न आणखी खालच्या आवाजात विचारतो आणि डोकं धरून खाली बसतो. मुलीच्या ॲडमिशनला आलेले वडील थबकतात. गेटवरचे मामा मोबाइलमधून मान वर न काढता सांगतात, "काही नाही हो, पुरुषोत्तमची पोरं आहेत."

पुरुषोत्तम म्हणजे पुरुषोत्तम करंडक, कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था ती 1963 पासून भरवते. पुण्याची फेरी भरत नाट्य मंदिरात रंगते. प्रेक्षकांच्या वाट्याला येतो तो तासाभराचा प्रयोग आणि 'आवाज कुणाचा'ची आरोळी. त्याआधी कॉलेजात जे चालतं ते मी बॅकस्टेजला राहून पाहिलंय, आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं प्रयोगापेक्षा सरस असतं.

आमच्याकडे आजीचं काम करणाऱ्या मुलीला दिग्दर्शकाने ठणकावलं, "तू नऊवारी नेसलीयस हे दिसतं. अंगवळणी पडलेली दिसत नाही." दुसऱ्या दिवसापासून बाई नऊवारीतच कॉलेजला! केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला वर पांढरा ॲप्रन, खाली काष्टा, पायात स्पोर्ट्स शूज. ब्युरेटचं रीडिंग घ्यायला वाकायचं म्हणून ॲप्रनबाहेर डोकावणारा पदर ती झटक्यात कमरेला खोचायची. पुढे स्टेजवर त्याच झटक्याला हशा वसूल झाला. लॅबमधल्या काकांची अट एकच होती: बर्नरपासून लांब.

या स्पर्धेत मोल लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयाला. भपकेबाज नेपथ्याला नाही. तरी दरवर्षी कुणीतरी लेव्हल्सचा डोंगर रचतोच. 2022 मध्ये पुण्याच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडकासाठी एकही एकांकिका पात्र ठरवली नाही, तेव्हा कट्ट्याकट्ट्यावर रण माजलं होतं. (मी परीक्षकांच्या बाजूने होतो. चहा मात्र स्वतःच्या पैशाने प्यावा लागला.)

एका वर्षी आम्ही नेपथ्य अगदीच साधं ठेवलं. फक्त एक तिरडी. बांबू आणायला दोघं बुरूड आळीत गेले. दुकानदाराने हलक्या आवाजात विचारलं, "उंची किती होती?"

"अजून ठरलं नाही, काका," आमचा प्रॉपर्टीवाला म्हणाला. "दोघांपैकी एक जाईल."

काकांनी बांबू खाली ठेवले आणि दोघांनाही एकदा नीट बघून घेतलं.

मधल्या सुट्टीत मेन बिल्डिंगसमोरून तिरडीची पहिली तालीम निघाली. वर प्रेतही होतं, कारण खांद्यावर वजन नसलं की चाल खोटी पडते. कॅन्टीनकडे निघालेली पोरं आपसूक बाजूला झाली. ऑफिसातल्या मावशींनी हात जोडले. मग प्रेताच्या पायातले फ्लोटर्स ओळखून शिव्या घातल्या. तेवढ्यात समोरून स्टॅटिस्टिक्सचे सर आले. थांबले, वाकून चेहरा पाहिला.

"सकाळी लेक्चरला का नव्हतास?"

प्रेताने डोळे घट्ट मिटून घेतले. शेवटी पुढचा खांदेकरी म्हणाला, "सर, तो गेला."

"बरं. आणि तुम्ही चौघं?"

चौघंही गप्प.

"तिरडी जिन्याखाली ठेवा आणि वर्गात चला," सर म्हणाले. "यालाही घेऊन या."