तक्ता एक, फायली अनेक

ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमधल्या १५,८४१ कोरोनाबाधितांच्या नोंदी रोजच्या आकडेवारीत आल्याच नसल्याचं उघड झालं. प्रयोगशाळांची माहिती सीएसव्ही फायलींतून येत होती आणि आरोग्य यंत्रणेत ती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात भरली जात होती. त्यात जेमतेम ६५,५३६ ओळी मावतात. पुढच्या ओळी गळाल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध लांबला. फाईल कोणत्या प्रकारात ठेवायची, हा प्रश्न म्हणूनच मला कारकुनी वाटत नाही.

पायथनमध्ये तक्त्यांचं काम बहुतेक जण पांडाज या लायब्ररीवर करतात. वेस मॅकिनी यांनी ती २००८ मध्ये लिहायला घेतली. मेमरीतला तक्ता ती एका ओळीच्या हुकमावर सीएसव्ही, एक्सेल, जेसन किंवा पार्के फायलीत उतरवून देते. काम इतकं सोपं झालंय, की फाईल वाचणार कोण, हे विचारायचंच राहून जातं.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला निव्वळ मजकूर. ती कुठेही उघडते, पण रकान्यात आकडा आहे, तारीख आहे की शब्द, हे तिच्यात लिहिलेलं नसतं. वाचणारा प्रोग्रॅम अंदाज बांधतो. खाते क्रमांक ००४५१२ असेल तर त्याचा ४५१२ होतो. ‘मार्च१’ हे जनुकाचं नाव एक्सेल तारीख समजायचं. शेवटी जनुकांच्या नामकरण समितीने अशी नावंच बदलली.

मराठी याद्यांना आणखी एक फटका बसतो. पांडाजने यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली, की ‘सुनंदा’च्या जागी अगम्य चिन्हं दिसू शकतात. माहिती शाबूत असते, फक्त फायलीच्या आरंभी एक्सेलला लागणारी खूण नसते. लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की ती खूण पडते. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायलाच हवं.

ऑफिसात माणसं पाहणार असतील तर एक्सेल बरं. नव्या एक्सएलएसएक्सच्या एका शीटवर १०,४८,५७६ ओळी मावतात. तक्ता त्याहून मोठा असेल तर पांडाज चूक दाखवून थांबतं. ही अडवणूक मोलाची आहे. लांबलचक खाते क्रमांक मात्र मजकूर म्हणूनच ठेवावेत, कारण एक्सेल संख्येचे १५ अंकच जपतं.

पुढे प्रोग्रॅमच वाचणार असेल तर पार्के. रकान्याचा प्रकार फायलीतच नोंदलेला असतो आणि हवे तेवढेच रकाने वाचता येतात.

कोणताही प्रकार निवडा, पण फाईल पाठवण्याआधी ती पुन्हा वाचून पाहा. ओळींची संख्या मूळ तक्त्याशी जुळवा आणि शून्याने सुरू होणारा एखादा क्रमांक, एखादी तारीख, एखादं मराठी नाव नजरेखालून घाला.