शाळेतले अंडे आणि घरातले वरण

आपल्या घरी शाळेत जाणारी नातवंडे असतील आणि त्यांचे आई-वडील ऊसतोडीला गेले असतील, तर शाळेत मिळणाऱ्या ताटाकडे आपले लक्ष असायलाच हवे. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या भागांत दिवाळीच्या सुमारास कित्येक घरांचा भार आजी-आजोबांवरच येतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने त्याचा निधी थांबवला. अंडी द्यायची तर लोकसहभागातून द्यावीत, असे सांगितले. गरीब गावात हा लोकसहभाग कोणाच्या खिशातून येणार, कोण जाणे!

असे काही हिरावले की मुलांना कळत नाही, असे समजू नये. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची शाळा बंद झाली, तेव्हा तेथील विद्यार्थी शेळ्या घेऊन नाशिक जिल्हा परिषदेवर गेले. शाळा नसेल, तर वळायला शेळ्या तरी द्या, एवढेच त्यांचे मागणे.

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या जेवणातून १२ ग्रॅम मिळणे अपेक्षित आहे. घरी फुटाणे, शेंगदाण्याचे कूट, घट्ट वरण आणि ज्वारीची भाकरी यांनी ही उणीव बरीचशी भरून निघते. मात्र आपल्या वाटचे वरण नातवाला वाढून आपण ठेचा-भाकरीवर राहू नये. उतारवयात स्नायू झिजतात. प्रथिने आपल्यालाही लागतात. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक असेल, तेव्हा शिक्षकांना विचारून आपणही जावे आणि अंड्याचा विषय काढावा.