एकशे सदतीस मतांचा हिशेब

चेन्नईच्या उपनगरी आगगाडीतून मांबलम स्थानकावर उतरलेला प्रवासी बहुधा पूर्वेकडे वळतो. त्या बाजूस रंगनाथन रस्ता आहे, कापडाच्या व दागिन्यांच्या पेढ्या आहेत आणि त्यागराय नगराची अखंड गर्दी आहे. पश्चिमेकडे वळणारा मनुष्य सहसा खरेदीसाठी आलेला नसतो, तो आपल्या घरी चाललेला असतो. रुळांच्या पलीकडची ही वस्ती म्हणजे वेस्ट मांबलम. अरुंद गल्ल्या, दारापुढे तांदळाच्या पिठाची रांगोळी आणि आर्य गौडा रस्त्यावरील अयोध्या मंडपम् ही तिची ओळख. येथे लेक व्ह्यू नावाचा एक रस्ताही आहे. त्यावरून आज कोणतेच तळे दिसत नाही. त्यागराय नगर वसविण्यासाठी १९२० च्या दशकात येथील विस्तीर्ण तलाव आटविण्यात आला, त्याची आठवण नावात तेवढी उरली आहे.

वाचकहो, महाराष्ट्रापासून इतक्या दूरच्या या वस्तीकडे आपले लक्ष वेधण्यास एक आकडा कारण झाला आहे. वेस्ट मांबलम हा त्यागराय नगर विधानसभा मतदारसंघाचा भाग. ६ एप्रिल २०२१ रोजी येथे मतदान झाले. मोजणीअंती द्रमुकचे जे. करुणानिधी यांना ५६,०३५ मते मिळाली व अण्णाद्रमुकचे बी. सत्यनारायणन् यांना ५५,८९८. अंतर अवघे १३७ मतांचे.

कोण जिंकले व कोण हरले हा आपला विषय नव्हे. एका मतदान केंद्राच्या यादीत साधारणपणे हजार-बाराशे नावे असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उलगडतो. संपूर्ण मतदारसंघाचा आमदार एका शाळेतील एका खोलीपुढच्या रांगेने, किंबहुना त्या रांगेच्या आठव्या हिश्श्याने ठरला. त्या दिवशी वेस्ट मांबलमच्या एखाद्या गल्लीतील किती आजोबा जिना उतरवत नाही म्हणून घरी राहिले, किती तरुणांची नावे जुन्या पत्त्यावर अडकून पडली होती, याचा हिशेब कोठेही लिहिलेला नाही. पण या साऱ्यांची बेरीज एकशे सदतीसपेक्षा कमी भरली असेल, असे म्हणण्यास मन धजत नाही.

शहरी मतदार आळशी आहे, अशी तक्रार प्रत्येक निवडणुकीनंतर ऐकू येते. १९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेसाठी मतदान झाले तेव्हा दक्षिण चेन्नई मतदारसंघात ते सुमारे ५४ टक्के झाले. त्याच राज्यातील धर्मपुरीत ते ८१ टक्क्यांवर गेले. आपल्याकडेही निराळी स्थिती नाही. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबई व कल्याण हे मतदारसंघ पन्नाशीच्या काठावर अडखळले, तर पुणे ५४ टक्क्यांच्या अलीकडेच थांबले. आळसाचा दोष अगदीच खोटा नाही. तो शुक्रवार होता व पुढे शनिवार-रविवार आयते जोडून आले होते. परंतु माझ्या मते या तक्रारीत निम्मेच सत्य आहे. महानगरात राहणाऱ्या पुष्कळांची नावे अद्याप गावाकडच्या यादीत असतात. २०१९ च्या मतदानाच्या आदल्या रात्री चेन्नईच्या कोयंबेडू स्थानकावर गावी जाऊ पाहणाऱ्यांची अशी दाटी उसळली की गाड्या अपुऱ्या पडल्या. ही माणसे मतदानासाठीच रात्रभर उभी होती. त्यांना आळशी कोण म्हणेल?

म्हणूनच मतदारांना केंद्रापर्यंत आणण्याचे स्वयंसेवी कार्य मतदानाच्या दिवशी सुरू होत नाही. त्याचा आरंभ कित्येक आठवडे आधी, हातात यादी घेऊन होतो. फलक, फेऱ्या आणि प्रतिज्ञा यांना त्यांचे स्थान आहे. निवडणूक आयोगाने २००९ पासून मतदार जागृतीचा स्वतंत्र कार्यक्रमच चालविला आहे व २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो. तथापि ज्याचे नावच यादीत नाही त्याला घोषणा ऐकवून काय उपयोग?

वेस्ट मांबलमसारख्या वस्तीत हे काम रहिवासी संघांना, राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांना आणि निवृत्त मंडळींना सहज साधण्यासारखे आहे. लोकांनी एकत्र येऊन काही उभारावे, हे या भागाला नवे नाही. एम. सी. सुब्रमण्यम् यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले येथील पब्लिक हेल्थ सेंटर देणग्यांवर व सेवाभावावरच वाढले. यादीचे काम त्या मानाने बिनखर्ची. आपल्या भागाच्या यादीची प्रत घ्यावी, घरोघर जाऊन नावे ताडून पाहावीत आणि एका वहीत तीन रकाने आखावेत: नाव आहे, नाव नाही, नाव आहे पण मनुष्य येथे राहत नाही. ज्याचे नाव नाही त्याच्यासाठी नमुना ६ भरावयाचा. ज्याने घर बदलले अथवा ज्याच्या नावात चूक आहे त्याच्यासाठी नमुना ८. मृत व्यक्तीचे नाव वगळण्यासाठी नमुना ७. प्रत्येक केंद्रासाठी नेमलेला मतदान केंद्रस्तरीय अधिकारी हे अर्ज स्वीकारतो, आणि अडल्यास १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करून माहिती विचारता येते. मात्र उमेदवारी अर्जांच्या मुदतीपूर्वी काही दिवस नवी नावे घेणे थांबते. शेवटच्या आठवड्यात जागा झालेला उत्साह येथे व्यर्थ जातो.

यादीची ही तपासणी किती महत्त्वाची आहे, हे तामिळनाडूने अलीकडेच अनुभवले. विशेष सखोल पुनरीक्षणानंतर डिसेंबर २०२५ मध्ये तेथील प्रारूप यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा राज्यभरातून ९७ लाखांहून अधिक नावे वगळली गेल्याचे दिसून आले. त्यांत मृत होते, दुबार नोंदलेले होते, पण सर्वांत मोठा वाटा पत्ता सोडून गेलेल्यांचा होता. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने दोन गल्ल्यांपलीकडे बिऱ्हाड हलविले तरी तो जुन्या पत्त्यावर सापडत नाही. अशा वेळी शेजारी राहणाऱ्या स्वयंसेवकाला जे ठाऊक असते, ते कोणत्याही कचेरीला ठाऊक नसते.

आपल्या देशात यादीचा हा प्रश्न पहिल्या निवडणुकीइतकाच जुना आहे. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीसाठी सुमारे साडेसतरा कोटी मतदारांची नोंद झाली. अनेक स्त्रियांनी परक्या माणसापुढे स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. निर्णय कठोर होता, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत स्त्रिया आपले नाव सांगू लागल्या. त्यासाठी उंबरठ्यापाशी बसून समजूत घालणारे कोणी तरी लागले असणारच.

आता वृद्धांकडे वळू. वेस्ट मांबलममध्ये मुले परदेशी अथवा परगावी आणि आईवडील वरच्या मजल्यावर, अशी घरे थोडी नाहीत. पुण्याच्या पेठांत किंवा पार्ल्यातही हेच चित्र आपण पाहतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपासून ८५ वर्षांवरील मतदारांना व ४० टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांना देशभर घरूनच मत देण्याची सोय झाली. त्यासाठी नमुना १२ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत भरून द्यावा लागतो. मग मतदान अधिकारी घरी येतात, चित्रीकरण होते, गुप्तता राखून मतपत्रिका पाकिटात बंद केली जाते. पाच दिवसांची मुदत आजीआजोबांना वर्तमानपत्रातून कळेपर्यंत निघून जाते. स्वयंसेवकाच्या वहीत त्यांची नावे आधीच टिपलेली असली तर ही अडचण उरत नाही.

या मतांचे मोल काय, हे मुंबईकरांस सांगावयास नको. २०२४ मध्ये वायव्य मुंबई मतदारसंघात यंत्रांवरील मते मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकर केवळ एका मताने पुढे होते. टपाली मते मिळविल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी ठरले. घरून दिलेली मते या टपाली मतांतच मोजली जातात.

मतदानाच्या दिवशी मात्र स्वयंसेवकाने कायदा नीट जाणून घेतला पाहिजे, कारण सद्हेतूनेही चूक होऊ शकते. मतदारांना केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने अन्य कोणी वाहन पुरविणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ अन्वये भ्रष्ट आचार आहे. पक्षाच्या कार्यकर्त्याने पाठविलेल्या रिक्षात शेजारच्या काकूंना बसविणे म्हणूनच धोक्याचे. परंतु मतदारांनी स्वतःसाठी, आपसांत खर्च वाटून घेऊन वाहन ठरविले तर कायद्याची हरकत नाही. एकाच इमारतीतील चार वृद्धांनी मिळून एक रिक्षा सांगितली तर सारेच प्रश्न मिटतात, आणि गप्पाही होतात.

ज्याला दृष्टिदोषामुळे वा अपंगत्वामुळे यंत्रावरील चिन्हे ओळखता येत नाहीत, त्याला अठरा वर्षांवरील सोबती आत नेता येतो. पण एका सोबत्याला त्या दिवशी एकाच मतदाराची सोबत करता येते आणि गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. तेव्हा एकच उत्साही तरुण दहा जणांना पुरणार नाही, दहा हवेत. आपल्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेल्याचे आढळले, तर निमूटपणे परत न फिरता प्रदत्त मतपत्रिका मागावी. तो मतदाराचा हक्क आहे. मतदार ओळखपत्र हरवले असेल तर आधार, पारपत्र, वाहन परवाना, छायाचित्र असलेले बँकेचे वा टपाल खात्याचे पासबुक अशी अन्य कागदपत्रेही चालतात.

राहता राहिली सर्वांत नाजूक गोष्ट. दारी आलेल्या स्वयंसेवकाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: “आपण कोणत्या पक्षातर्फे आलात?” जेथे मतामागे पैसे वाटल्याच्या तक्रारी होत आल्या आहेत, तेथे हा संशय अवाजवीही नाही. त्याला तोंडी उत्तर फारसे पटत नाही. टोपी नाही, चिन्ह नाही, कोणाचे नाव नाही, आणि कोणाला मत देणार ही विचारणा नाही, असे दोन-तीन वेळा घडले म्हणजे दार आपोआप उघडते. गल्लीतला जो मतदार उघडपणे आपल्या नावडत्या पक्षाचा आहे, त्याचा जिना चढून त्याला चिठ्ठी नेऊन देणे हीच या कामाची कसोटी. ती सोपी नाही, असे हे काम करणारा कोणीही प्रांजळपणे सांगेल.

नोकरीनिमित्त चेन्नई, बंगळूरु वा इंदूर येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही एक प्रश्न स्वतःपुरता सोडवावा लागतो. नाव एकाच मतदारसंघात असू शकते, आणि ते आपण जेथे सामान्यतः राहतो तेथे असावे, असा कायदा आहे. साताऱ्याच्या यादीतील नाव जिव्हाळ्याचे वाटते हे खरे, पण रस्त्यात पाणी तुंबते ते वेस्ट मांबलमच्या. दोन्हीकडे नाव ठेवणे मात्र सर्वथा गैर, आणि खोटे निवेदन केल्यास शिक्षाही आहे.

मतदान आटोपले की वही बाजूला टाकू नये. केंद्रावरून नाव न सापडल्यामुळे जे परत आले, त्यांचे अर्ज त्याच आठवड्यात भरता येतात. नव्या नोंदणीसाठी आता वर्षाला एक नव्हे, तर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना अर्ज आगाऊ देऊन ठेवता येतो.