शेजारचे पिंप, आपला ताप

'उद्या २४ तास पाणी नाही' असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला की कोपरीत काय होते, हे ठाणेकरांना सांगायला नको. पिंपे, बादल्या, कळशा, एखाद्या घरी तर कुकरसुद्धा भरून ठेवला जातो. वरच्या मजल्यावर भरताहेत म्हणून खालचेही भरतात. पाणी परत आले की कालचे 'शिळे' पाणी मोरीत ओतायचे, नाहीतर पिंपात तसेच राहू द्यायचे.

पाणी-वीज किती वापरायची, हे घर एकटे ठरवत नाही. अमेरिकेत सॅन मार्कोस येथील घरांना शेजाऱ्यांचा सरासरी वीजवापर कळवण्यात आला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. पण कमी वापरणाऱ्यांनी मात्र वाढवला! त्यांच्या चिठ्ठीवर शाबासकीचा हसरा चेहरा काढला, तेव्हा ही वाढ थांबली.

चाळीतल्या सामाईक नळावर कोण किती हंडे भरतो, हे रांगेला दिसायचे. फ्लॅटमध्ये ते दिसत नाही. त्यात गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाणीपट्टीची वाटणी नळांची संख्या आणि आकार यांवर होते, प्रत्यक्ष वापरावर नाही. मग काटकसर करणाऱ्याला हसरा चेहरा कोण दाखवणार?

साठवलेल्या पाण्याचा प्रश्न तर थेट तापाचा आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. मात्र नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी असूनही काही महिने तग धरतात. पिंप पुन्हा भरले की त्यातून अळ्या निघतात. त्यामुळे कडा आतून घासायलाच हव्यात. उरलेले पाणी कुंड्यांना, संडासाला वापरता येते.

हा डास सहसा काही शे मीटरच्या आतच फिरतो, आणि चावतो मुख्यतः दिवसा. म्हणजे तुमचे पिंप लख्ख असले, तरी शेजारच्या बंद फ्लॅटमधली उघडी बादली तुम्हाला तापाने झोपवू शकते. कोरडा दिवस सगळ्या इमारतीने एकाच वारी ठरवला, तर कोणाचे राहिले हे निदान कळते. गच्चीवरच्या टाकीचे झाकण बघायला कोणी जायचे, हेही त्याच बैठकीत ठरवून टाकावे.