दहा इंचांचा हट्ट

मोटारीची चाकं बदलायची म्हटलं की ती सहसा मोठीच होतात. कंपनीने 14 इंची रिम दिली असेल तर हौशी मालक 15 किंवा 16 इंची बसवून घेतो. जुन्या ब्रिटिश मिनीच्या मालकांमध्ये मात्र उलटी रीत आहे. 1984 नंतर बनलेली, 12 किंवा 13 इंची चाकांची मिनी हाती आली की त्यातले बरेचजण ती चाकं उतरवून 10 इंची बसवतात. 10 इंच म्हणजे किती, हे मराठी वाचकाला फार समजावायला नको. बजाज चेतक स्कूटरची रिम तेवढीच होती. चार माणसांच्या मोटारीला स्कूटरच्या मापाची चाकं, तीही पदरचे पैसे घालून, कशाला? निव्वळ दिसण्यासाठी, हे उत्तर चटकन सुचतं आणि ते थोडंफार खरंही आहे. पण आकडे मांडून पाहिले तर या खटाटोपात वरवर वाटतं त्याहून जास्त तथ्य निघतं. त्यात जोखीमही आहे, पण लोकांना वाटते तिथे नाही.

सुरुवात मिनीच्या जन्मापासून करावी लागते, कारण या गाडीत चाक हे शेवटी लावायचं सामान नव्हतं. 1956 साली सुवेझ कालव्याचा पेच उभा राहिला, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि तीन चाकी, अंड्यासारख्या दिसणाऱ्या जर्मन गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांना त्या सहन होईनात. त्यांनी अ‍ॅलेक इसिगोनिस यांना खरीखुरी छोटी मोटार करायला सांगितलं. 26 ऑगस्ट 1959 रोजी जगापुढे आलेली मिनी जेमतेम 10 फूट लांब होती आणि तिच्या तळाचा सुमारे 80 टक्के भाग माणसं आणि सामान यांच्यासाठी मोकळा होता. ही किमया एका युक्तीने झाली नाही. इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली तेलाच्या टाकीत बसवला, आणि चाकं 10 इंची केली. त्या काळात फोक्सवॅगन बीटलची चाकं 15 इंची होती, खुद्द इसिगोनिस यांच्याच आधीच्या मॉरिस मायनरची 14 इंची. 10 फुटांच्या गाडीत तशी चाकं घातली असती तर चाकांच्या कमानी आत घुसून पुढच्यांच्या पायांची आणि मागच्यांच्या बसण्याची जागा खाऊन गेल्या असत्या. म्हणून डनलपला या गाडीसाठी मुद्दाम 10 इंची टायर तयार करावा लागला. इतकं छोटं चाक खाचखळग्यांवर जास्त उसळतं. त्याचा बंदोबस्त अ‍ॅलेक्स मोल्टन यांच्या रबरी शंकूच्या सस्पेन्शनने केला. दाब वाढेल तसं रबर कडक होत जातं. रिकामी असताना सुमारे 600 किलो भरणाऱ्या गाडीत चार माणसं बसली की वजन जवळजवळ निम्म्याने वाढतं, तिथे हा गुण फार कामाचा. या मोल्टन यांनी पुढे 1962 मध्ये 16 इंची चाकांची, सस्पेन्शन असलेली सायकल बाजारात आणली. चाक छोटं करा आणि धक्क्याची सोय वेगळी करा, हा विचार त्यांनी दुचाकीलाही लावून दाखवला.

मग 12 इंच आले कुठून? आरामासाठी किंवा ऐटीसाठी नव्हे, ब्रेकसाठी. सुरुवातीच्या मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. 1961 च्या कूपरला पुढे 7 इंची डिस्क मिळाली, ती तोकडी पडली. 1963 च्या कूपर एसमध्ये ती 7.5 इंच झाली. 10 इंची रिमच्या पोटात, डिस्कला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरसकट, याहून फारसं काही मावत नाही. मोठी, 8.4 इंची डिस्क बसवायची तर रिम वाढवणं भाग होतं. आधी 1275 जीटी या मॉडेलवर आणि मग 1984 मध्ये सगळ्या मिनींवर 8.4 इंची डिस्क आणि 12 इंची चाकं आली ती जोडीनेच. नव्वदीच्या दशकातली 13 इंची रुंद चाकं मात्र मुख्यतः दिसण्याची हौस. तिच्यापायी कमानींवर प्लॅस्टिकच्या भल्या मोठ्या कडा चढवाव्या लागल्या. असं रुंद चाक बाहेर सरकलेलं असतं, त्यामुळे स्टीअरिंग जड होतं आणि रस्त्यातल्या चरांमागे गाडी ओढली जाते.

लहान चाकावरचा नेहमीचा आक्षेप असा की ते खड्ड्यात जास्त खोल जातं, म्हणून गाडी आदळते. तत्त्व बरोबर आहे, पण इथे ते लागू करताना घोटाळा होतो. चाकाचा 10 किंवा 12 हा आकडा फक्त लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या रिमचा. खड्ड्याला भेटतो तो टायर. 12 इंची मिनीचा टायर 145/70 मापाचा. म्हणजे रुंदी 145 मिलिमीटर आणि कडेची उंची तिच्या 70 टक्के, सुमारे 101 मिलिमीटर. रिम आणि दोन्ही बाजूंचं रबर धरून एकूण व्यास 508 मिलिमीटर. 10 इंची चाकावर चालणारा 165/70 टायर घ्या: कडेची उंची सुमारे 115, एकूण व्यास 485. रिम 2 इंचांनी, म्हणजे 51 मिलिमीटरने घटली. चाकाची बाहेरची उंची मात्र 23 मिलिमीटरनेच. गाडी जमिनीकडे उतरते ती याच्या निम्मी, एक सेंटिमीटरभर. आणि रस्ता व रिम यांच्यामधली रबराची गादी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. 13 इंची चाकावरच्या 175/50 टायरला ही गादी 87 मिलिमीटरचीच असते. म्हणजे ‘मोठं चाक, मऊ चाल’ हा समज या गाडीच्या बाबतीत उलटा पडतो. शिवाय लहान रिम हलकी असते, आणि चाकाचं वजन घटलं की सस्पेन्शनला ते आवरणं सोपं जातं. मिनी वळणावर चपळ वाटते त्याचं श्रेय अनेक गोष्टींना आहे, पण हलक्या चाकाचा वाटा त्यात निश्चित आहे.

खरा अडसर ब्रेकचा. 12 इंची मिनीवरून चाक काढून 10 इंची लावायला गेलं तर ते बसतच नाही, 8.4 इंची डिस्कच्या कॅलिपरला अडतं. हे एका अर्थी बरंच आहे. गाडीच तुम्हाला थांबवते. 10 इंची चाक हवं तर आधी पुढची डिस्क, कॅलिपर आणि डिस्क ज्यावर बसते ती फ्लँज बदलून कूपर एसच्या धर्तीची 7.5 इंची जोडणी करावी लागते. इथे आक्षेप येतो की चांगला ब्रेक काढून कमी ताकदीचा लावणं हा वेडेपणा आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण तोही मोजून पाहावा. जुनी डिस्क नवीपेक्षा 12 टक्के मोठी होती, जवळपास तेवढी पकड हातची गेली. उलट चाकाचा व्यास साडेचार टक्के घटल्यामुळे तोच ब्रेक रस्त्यावर जरा जास्त जोर लावतो, कारण लहान चाक थांबवायला लागणारा पीळ कमी. म्हणजे तोटा काही अंशी भरून निघतो, पूर्ण नाही. जे भरून निघत नाही ते उष्णतेचं. लहान डिस्कमध्ये धातू कमी, तो लवकर तापतो, आणि लांब घाटउतारावर पायाखालचा ब्रेक ढिला पडू लागतो. दुसरी बाजू अशी की 10 इंची चाकं आणि 7.5 इंची डिस्क याच जोडीवर मिनी कूपर एसने 1964, 1965 आणि 1967 ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकली, आणि ती रॅली आल्प्समधल्या घाटांतच होते. म्हणून उत्तम अवस्थेतली 7.5 इंची डिस्क साध्या ताकदीच्या मिनीला पुरते. ज्याने इंजिन फुगवून जोरदार केलं आहे त्याने मात्र 8.4 इंची डिस्क सोडू नये, असं माझं मत आहे. डिस्कचा खर्च टाळण्यासाठी जुने ड्रम लावणारे लोकही असतात. त्यांची बाजू घ्यायला मला एकही कारण सापडत नाही.

आणखी एक हरकत अस्सलपणाची. 1990 ची मिनी कारखान्यातून 10 इंची चाकांवर कधी बाहेरच पडली नव्हती, मग तिला ‘मूळ रूपात’ नेलं म्हणणं खोटं नाही का? खोटंच आहे, ते मान्य करावं. मूळ रूप परत मिळतं ते आराखड्याचं, त्या विशिष्ट गाडीचं नव्हे. कमी धावलेली, कारखान्याच्या सगळ्या भागांसह टिकलेली मिनी असेल तर तिला हात न लावणंच बरं. तिशी ओलांडलेल्या, चार मालकांनी आधीच बदलून टाकलेल्या गाडीबाबत हा शुद्धतेचा आग्रह फारसा उरत नाही. काढलेले भाग जपून ठेवले तर बदल उलटवताही येतो.

राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. किलोमीटरभर अंतरात 12 इंची चाक 627 फेरे मारत होतं, ते आता 656 मारेल. म्हणजे खरा वेग 100 असताना काटा 105 च्या आसपास जाईल आणि मीटर अंतर जास्त मोजेल. काटा कमी दाखवण्यापेक्षा जास्त दाखवणं केव्हाही बरं, पण गाडी विकताना ते सांगायला हवं. इंजिनही तेवढंच जास्त फिरेल. 1996 नंतरच्या मिनींमध्ये फायनल ड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्स आणि चाकं यांच्यामधला कायमचा गिअर, महामार्गावर शांत चालण्यासाठी फार लांब, 2.76 चा ठेवला होता. लहान चाकाने तो 2.89 सारखा होतो. 1959 च्या मिनीत हाच आकडा 3.76 होता, तेव्हा ही वाढ नगण्य आहे, उलट चढावर गाडी जरा मोकळी वाटते. बोल्टांचं माप पाहून घ्यावं. मिनीच्या चार बोल्टांचं वर्तुळ 101.6 मिलिमीटरचं, तर इतर कित्येक गाड्यांचं 100 चं. दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसतात आणि चुकीची रिम आवळली की बोल्ट तिरके बसतात. ब्रिटनमध्ये असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. भारतात कुणाच्या गॅरेजात मिनी असलीच तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52, म्हणजे निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करण्यावरची बंदी, आधी वाचावं.

सर्वात शेवटी टायर. 10 इंची मोटारीचे टायर आजही बनतात, पण थोड्याच कंपन्या बनवतात आणि ते स्वस्त नसतात. युरोपात त्याच मापाचे टायर छोट्या ट्रेलरना लागतात, ते सहज आणि कमी भावात मिळतात आणि मिनीच्या रिमवर बिनबोभाट चढतातही. त्यांच्या कडेवर एफआरटी ही तीन अक्षरं असतात. असा टायर नुसत्या मागे ओढल्या जाणाऱ्या चाकासाठी बनवलेला असतो, इंजिनचा जोर पेलायला किंवा वळवायला नाही; आणि मिनीची पुढची दोन चाकं ही दोन्ही कामं एकाच वेळी करतात.