साखरेचा आकडा आणि सिस्टरचा प्रश्न

मागच्या वेळी आपण इन्सुलिन शरीरात काय करतं ते पाहिलं. आज वर्तकनगरमध्ये बोलायचंय ते इन्सुलिन घ्यायला शिकवणाऱ्या सिस्टरच्या कामाबद्दल.

रिपोर्टमध्ये एचबीएवनसी ९.५ आला. गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरीनं जास्त राहिली, एवढंच त्यावरून कळतं. का राहिली, ते कळत नाही. समजा, एका आजींनी रात्रीचं इन्सुलिन परस्पर बंद केलंय. डॉक्टरांसमोर त्या "घेते हो" म्हणतात. बीपीचा पट्टा बांधताना सिस्टर सहज विचारते, "आजी, सुई घेताना कसली भीती वाटते?" मग उलगडा होतो. एकदा मध्यरात्री साखर उतरली, घाम फुटला, हात थरथरले आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. ही भीती "नियमित घ्या" असं दटावून जात नाही. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची, उशाशी डबी ठेवायची, हे हातानं करून दाखवलं की ती थोडी सैल होते. डोस तपासायला डॉक्टरांना लगेच सांगायचं, हे आलंच.

रोजच्या पथ्यपाण्याचा, तपासण्यांचा असा जो वीट येतो, त्याला 'डायबिटीस डिस्ट्रेस' म्हणतात. तो म्हणजे नैराश्य नव्हे. पण कशातच रस उरला नाही, झोप उडाली, जगणं नको वाटतंय, असं ऐकू आलं तर सिस्टरनं ते डॉक्टरांपर्यंत पोचवलंच पाहिजे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांकही द्यावा.

आणि घरचे! ताटात जिलबी दिसली की चौकशी आयोग बसतो. माणूस मग चोरून खातो. सुनेला, मुलाला समोर बसवून दोन शब्द समजावणं, हेही शुश्रूषेतच येतं.

यात नवं काही नाही. बॉस्टनचे डॉ. इलियट जोसलिन शंभर वर्षांपूर्वी नर्सना मधुमेह शिकवून रुग्णांच्या घरी पाठवत.

आपल्याकडे अडतं कुठे? केसपेपरवर बीपी, वजन, साखर यांना रकाना असतो. या बोलण्याला बहुधा नसतो. ज्याची नोंद नाही ते काम धरलंच जात नाही, त्याला वेळही मिळत नाही. म्हणून आमचं परिचारिकांना सांगणं आहे, कोपऱ्यात का होईना, लिहा : 'रात्री साखर उतरण्याच्या भीतीनं डोस टाळतात.'